उंचावरची तळी आणि एक शिखर: मित्रांबरोबरच्या पहिल्या बॅकपॅकिंग ट्रेकची तयारी

उंच डोंगरातल्या तळ्यांपर्यंत चालत जायचं, काठावर तंबू ठोकायचे आणि एका पहाटे शेजारचं शिखर गाठून यायचं, हा बेत मित्रांच्या गप्पांत पाच मिनिटांत ठरतो. पुढचं मात्र कोणी नीट सांगत नाही. परवाना कधी काढायचा, पाठीवर किती ओझं घ्यायचं, एकाचं डोकं दुखायला लागलं तर सगळ्यांनी काय करायचं, शिखर अर्ध्यावर सोडायचं असेल तर ते ठरवायचं कोणी? मित्रांबरोबर असे ट्रेक केल्यावर आणि नवख्यांना सोबत नेल्यावर जे कामाचं वाटलं, ते इथे क्रमाने देतो आहे.

एक दिवसाचे ट्रेक केलेले आहेत, पण सगळं सामान पाठीवर घेऊन उंचावर मुक्काम केलेला नाही, अशांसाठी हे आहे. शिखरही दोराशिवाय, चालत किंवा क्वचित हात टेकत जाता येईल असंच धरलं आहे. वाटेत हिमनदी असेल किंवा दोर लावावा लागत असेल, तर त्याचं रीतसर प्रशिक्षण घ्या. लेख वाचून ते काम होत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तळ्याकाठचा मुक्काम हा मूळ कार्यक्रम आणि शिखर हा त्यातला एक दिवस, अशी आखणी करा. ज्या ग्रुपमध्ये शिखर हेच सगळं होऊन बसतं, तिथे दुखणी लपवली जातात आणि काळे ढग दिसत असूनही पावलं वरच पडत राहतात.

१. आधी सगळे मिळून बोला

तीन ते सहा जणांचा ग्रुप सोयीचा. दोघांत एकाला इजा झाली तर मदत आणायला जाणारा त्याला एकटं सोडून जातो. सहाच्या वर गेलात की तंबूंना जागा मिळत नाही, पाणी भरायला आणि निघायला वेळ लागतो. अनेक संरक्षित भागांत ग्रुपच्या संख्येवर मर्यादाही असते.

निघण्याच्या बऱ्याच आधी एकत्र बसा आणि चार गोष्टी स्पष्ट ठरवा:

- चालण्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. तो पुढून दुसरा राहील, शेवटी नाही.
- लीड (सगळ्यांत पुढे चालणारा) कोण आणि बॅकलीड (सगळ्यांत शेवटी चालणारा) कोण. बॅकलीडच्या मागे कोणीही राहायचं नाही.
- एकाने जरी ‘मला परत फिरायचंय’ म्हटलं तर त्याला एकट्याला खाली पाठवायचं नाही. कोण सोबत जाणार हे आधीच ठरलेलं असावं.
- दमा, हृदयाचा त्रास, मधुमेह, ॲलर्जी, चालू औषधं याबद्दल निदान दोघांना तरी माहीत हवं.

शेवटचा मुद्दा अवघड वाटतो, पण टाळू नका. मैत्रीत माणूस दुखणं सांगत नाही, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक फसेल असं त्याला वाटतं. ‘सांगितलंस तर कोणी नाराज होणार नाही’ हे वाक्य घरी बसून बोललं गेलं असेल, तर वर गेल्यावर ते खरं वाटतं.

२. मार्ग आणि दिवस

पहिल्या ट्रेकला तीन किंवा चार रात्री पुरेत. मला आवडणारी रचना अशी: पहिली रात्र खालच्या दरीत, मग तळ्याकाठी सलग दोन रात्री, त्यातल्या मधल्या दिवशी छोटी सॅक घेऊन शिखर, आणि चौथ्या दिवशी उतरण. जवळ एक जादा दिवस ठेवा. एकाच तळ्यावर दोन रात्री काढल्याने शरीराला उंचीची सवय होते, तंबू रोज उचलावा लागत नाही आणि हवा बिघडली तर शिखराचा दिवस पुढे ढकलता येतो.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरतात: सपाटीला ताशी सुमारे ५ किमी, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे १० किमी अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास. हा हिशोब धडधाकट माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. पाठीवर मोठी सॅक, विरळ हवा आणि फोटोंचे थांबे धरून मी त्याला दीडपट करतो, नवखे असतील तर दुप्पट.

नकाशावर नुसतं अंतर बघू नका. समोच्च रेषा कुठे दाटल्या आहेत, ओढे कुठे आडवे येतात, शेवटचं पाणी कुठे मिळतं, शिखराच्या धारेवरून हवा बिघडल्यास उतरायला दुसरी वाट आहे का, हे बघा. बर्फ वितळून येणारे ओढे सकाळी उथळ असतात आणि दुपारनंतर फुगतात. त्यामुळे ओढा ओलांडायचा असेल तर तो सकाळच्या टप्प्यात येईल असं बसवा. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पडलात तर सॅक झटकून मोकळं होता येतं.

हंगामाच्या सुरुवातीला खिंडीच्या सावलीच्या बाजूला टणक बर्फाचे उतार उरलेले असतात. फोटोत ते निरुपद्रवी दिसतात. तीव्र उतारावर बुटाला लावायचे साखळीचे काटे पुरत नाहीत. तिथे आइस ॲक्स लागते आणि घसरल्यावर ती रोवून थांबण्याचा सरावही लागतो. तो नसेल तर काही आठवडे उशिरा जा.

३. परवाने आणि कागद

लोकप्रिय तळी-शिखरांचे परवाने महिनोन्‌महिने आधी संपतात. अमेरिकेतल्या ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीसाठी मे ते ऑक्टोबरच्या हंगामात चक्क सोडत असते. तुम्ही जाल तिथले नियम तिथल्या वनखात्याच्या किंवा उद्यानाच्या अधिकृत पानावरच वाचा, कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. मुक्कामाला बंदी कुठे आहे, चूल पेटवता येते का, अस्वलांपासून अन्न वाचवायचा बंद डबा सक्तीचा आहे का, एवढं तरी नक्की तपासा.

जवळ ठेवायचे कागद, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत:

- परवान्याची छापील प्रत (वर रेंज नसते आणि थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते)
- प्रत्येकाचं ओळखपत्र
- विम्याचे कागद. त्यात किती उंचीपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, ते वाचून घ्या
- रक्तगट, ॲलर्जी, औषधं आणि घरच्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी
- कागदी नकाशा आणि कंपास. फोनमधला ऑफलाइन नकाशा याशिवाय

मार्ग, मुक्कामाच्या जागा आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी कळव’ असा निरोप घरी राहणाऱ्या एका माणसाकडे लिहून द्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र फार उपयोगी पडतं, पण भारतासह काही देशांत सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. नेण्याआधी त्या देशाचा नियम बघा.

४. सामान

भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ठेवा. ६० किलोच्या माणसाला १२ किलो. हे जमवायचा मार्ग म्हणजे सामायिक वस्तू वाटून घेणं. सगळ्यांनी आपापली शेगडी, आपापली औषधपेटी, आपापली मोठी पॉवर बँक आणली तर ओझं उगाच दुप्पट होतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात सगळे एका खोलीत जमा, सामान जमिनीवर मांडा आणि वजनकाट्यावर ठेवून वाटणी करा.

सामायिक: तंबू (कापड एकाकडे, दांड्या आणि खुंट्या दुसऱ्याकडे), शेगडी, गॅस, लायटर दोन ठिकाणी, भांडी, पाण्याचा फिल्टर आणि पर्याय म्हणून क्लोरिनच्या गोळ्या, प्रथमोपचार, दुरुस्तीसाठी चिकटपट्टी आणि सुई-दोरा, शौचासाठी छोटं फावडं, कचऱ्याच्या पिशव्या.

प्रत्येकाचं: स्लीपिंग बॅग, मॅट, अंगालगतचा लवकर सुकणारा थर, फ्लीस, जाड जॅकेट, पावसाचं जॅकेट आणि पँट, टोपी दोन (उन्हाची आणि कानटोपी), हातमोजे, मोजे तीन जोड, हेडलँप आणि जादा सेल, शिट्टी, गॉगल, सनस्क्रीन, पाण्यासाठी निदान दोन लिटरची सोय, वॉकिंग स्टिक, वापरून पायाला सरावलेले बूट.

सुती कपडे नकोत. एकदा भिजले की ते अंगावर सुकत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. हवेचं तापमान दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून पायथ्याच्या गावचा अंदाज बघून कपडे भरू नका. उन्हाचंही तसंच: अतिनील किरण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. नाकपुड्यांच्या आतल्या बाजूला आणि हनुवटीखाली सनस्क्रीन लावायला लोक विसरतात, आणि तिथेच पोळतं.

गॅसबद्दल थोडं सविस्तर, कारण थंडीत शेगडी रुसली की सगळ्यांचा धीर सुटतो. साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश आहे. त्याहून थंडीत तो वायू होत नाही आणि ज्योत मरते. आयसोब्युटेन उणे ११.७ अंशांपर्यंत चालतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. डब्यावरचं मिश्रण वाचून आयसोब्युटेन-प्रोपेनचाच घ्या आणि रात्री तो स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नका. आगीचा धोका दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

जेवणाचा हिशोब: माणशी दिवसाला साधारण ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं अन्न. ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कच्ची डाळ-तांदूळ शिजायला गॅस संपतो. गरम पाणी घालून होणारे पदार्थ न्या.

५. शरीराची तयारी

दोन महिने आधी सुरुवात. आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा टेकडी आणि सुट्टीच्या दिवशी भरलेली सॅक घेऊन लांब चाल. उतरण्याचा सराव मुद्दाम करा, मांड्या उतरतानाच भरून येतात. आणि नवे बूट थेट ट्रेकला नेऊ नका.

६. चढताना: उंचीचं भान

५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. त्रास मात्र २,५०० मीटरपासूनच सुरू होऊ शकतो. तो व्यायामाच्या सवयीवर अवलंबून नसतो, उलट दणकट माणूस भराभर चढतो आणि आधी आजारी पडतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, प्रश्न रात्र कुठे काढता याचा आहे.

ओळखायचं कसं? त्यासाठी लेक लुईस स्कोअर नावाची साधी मोजपट्टी आहे. डोकेदुखी, मळमळ किंवा अन्नावरची वासना उडणं, थकवा, चक्कर, या चारांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर त्याला उंचीचा आजार समजा. त्याच उंचीवर थांबा, पाणी-विश्रांती द्या, बरं वाटेपर्यंत वर जाऊ नका. लक्षणं वाढली तर उतरा. रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकाने आपले गुण मोठ्याने सांगायचे, हा रिवाज पाडा. ‘कसं वाटतंय?’ला ‘मस्त’ हेच उत्तर येतं, आकडा विचारला की माणूस खरं बोलतो.

गुण सांगितले तरी डोळे उघडे ठेवा. एरवी बडबड करणारा गप्प होतो. बुटाची नाडी सुटलेली असते, ती त्याला दिसतेही, पण तो वाकत नाही. हातात दिलेला खाऊ तसाच खिशात जातो. अशा वेळी त्याला थांबवून बसवा आणि नीट विचारा.

दोन लक्षणांना वाट बघायची नाही. सरळ रेषेत टाचेला पाऊल जोडून चालता येत नसेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसांत पाणी होत असू शकतं. दोन्ही जीवघेणे आहेत आणि उपाय एकच, ताबडतोब खाली. रात्र असली तरी. उंचीच्या त्रासावरचं ॲसिटाझोलामाइडसारखं औषध न्यायचं की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

७. तळ्याकाठचा मुक्काम

ही तळी बहुतेक हिमनदीने कोरलेल्या खोलगटात असतात. पाण्याचा तो दुधट निळा-हिरवा रंग येतो हिमनदीने दळलेल्या खडकाच्या बारीक पिठामुळे. ते कण पाण्यात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. पोहोचल्या पोहोचल्या सगळ्यांना अगदी काठाशी तंबू लावायचा मोह होतो. लावू नका. रात्री कड्यांवरची थंड हवा खाली घरंगळून तळ्याच्या वाटीत साचते, सकाळी तंबूच्या आतून पाणी ठिबकतं आणि स्लीपिंग बॅग ओलसर होते. काठापासून साठ-सत्तर मीटर दूर, थोडं उंचावर, टणक जमिनीवर किंवा मुरमावर जागा बघा. काठचा गवताचा कोवळा पट्टा तुडवला गेला तर इतक्या थोड्या उन्हाळ्यात तो पुन्हा उगवायला वर्षं लागतात. डोक्यावर सुट्या दगडांचा उतार आहे का, तेही बघा. आसपास ताजे, कोरी धार असलेले दगड पडले असतील तर वरून दगड येतात असं समजा.

वारा नसला तरी तंबूचे सगळे ताणदोर बांधा. खडकाळ जमिनीत खुंटी शिरत नसेल तर ती आडवी ठेवून तिच्यावर मोठा दगड ठेवा.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. जिआर्डियासारखे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्टर करा, किंवा खळखळून उकळा: २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे रात्री तो कोरडा झटकून बरोबर झोपायला घ्या.

भांडी, दात, अंघोळ, काहीही तळ्यात नको, ‘निसर्गस्नेही’ साबणसुद्धा नाही. पाणी भांड्यात घेऊन काठापासून साठ मीटर लांब जा. शौचाला तेवढंच अंतर, आणि पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा. कागद पिशवीत परत. नुसता खडक असेल तिथे खड्डा खणता येत नाही. व्हिटनीसारख्या ठिकाणी तर मैलाही पिशवीत भरून खाली आणणं सक्तीचं आहे. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण एवढ्याशा तळ्यावर हंगामात किती माणसं येतात याचा विचार करा, मग पटतं.

पोहायचं असेल तर उडी मारू नका. इतक्या थंड पाण्यात पडल्याबरोबर श्वास आपोआप आत ओढला जातो आणि डोकं पाण्याखाली असेल तर पाणीच छातीत जातं. हळूहळू, काठाच्या उथळ भागात, कोणीतरी कोरडा माणूस बाहेर उभा असताना. पाण्यावर बर्फाचा थर असेल तर त्यावर पाय ठेवू नका.

८. शिखराचा दिवस

आदल्या संध्याकाळी, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना, परतीची वेळ ठरवा. समजा बारा. बारा वाजता माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी फिरायचं. ही वेळ कागदावर लिहा. वर गेल्यावर ती पुढे ढकलायची मुभा कोणालाच नाही, फक्त अलीकडे आणायची मुभा आहे, आणि ती प्रत्येकाला आहे.

उन्हाळ्यात उंच डोंगरांवर दुपारी ढग दाटून विजा पडतात, म्हणून पहाटे अंधारात निघायचं. छोट्या सॅकमध्ये जाड जॅकेट, पावसाचे कपडे, खाणं, दोन लिटर पाणी, हेडलँप, प्रथमोपचार, नकाशा आणि ग्रुपमध्ये मिळून एक आपत्कालीन पांघरूण. ‘लवकरच तर येतोय’ म्हणून हेडलँप तंबूत ठेवणारे नेहमी भेटतात. त्यांच्या सॅकेत तो स्वतः घाला.

सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीच्या नळीत पाणी गोठतं, बाटली उलटी ठेवा म्हणजे झाकणाकडचं पाणी शेवटी गोठतं. वेग इतका ठेवा की पूर्ण वाक्य बोलता यावं. घसाऱ्यावर एकामागोमाग सरळ रेषेत चढू नका. एकतर अगदी जवळ जवळ चाला, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग येण्याआधी तो अडवता येतो, नाहीतर एकाने पार होऊन बाजूला जाईपर्यंत बाकीचे आडोशाला थांबा. दगड सुटला की ‘दगड!’ म्हणून ओरडा, खालच्याने वर बघू नये. दगडांच्या लगोऱ्या वाट दाखवतात, पण हौशी लोकही त्या रचतात. प्रत्येक लगोरीशी नकाशा ताडून बघा.

गडगडाट ऐकू आला की माथा, धार, एकटं झाड आणि उथळ कपार सोडा आणि खाली उतरा. उतरताना एकमेकांत अंतर ठेवा, म्हणजे वीज पडली तर सगळे एकदम सापडत नाहीत आणि मदतीला कोणीतरी उरतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा धारेवर चढू नका.

अडकलात तर शिट्टीचा संकेत: एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. रात्री हेच हेडलँपने.

९. उतरण

माथ्यावर पोहोचलात म्हणजे अंतर अर्धंच झालं, आणि उरलेलं अर्धं दमलेल्या पायांनी उतरायचं आहे. निघण्याआधी बूट पुन्हा बांधा: टाच मागे ठोकून बसवा, पायाच्या वळणावर नाडीला दुहेरी पीळ द्या, मग वरच्या आकड्यांत घट्ट. असं केलं की पाऊल पुढे सरकत नाही आणि अंगठ्यांची नखं काळी पडत नाहीत. काठ्या थोड्या लांब करा. खायला थांबा, भूक नसली तरी.

शेवटच्या दिवशी तंबू उचलल्यावर सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून मुक्कामाची जागा चालत तपासा. गोळीचं वेष्टन, तुटलेला दोर, फळांच्या साली, सगळं उचला. साली कुजतात म्हणून लोक टाकतात, पण त्या थंडीत त्या फार सावकाश कुजतात आणि जनावरांना माणसाच्या अन्नाची चटक लागते ती वेगळीच.

पायथ्याला आल्यावर आधी घरच्या त्या माणसाला फोन करा, नाहीतर शोधपथक निघेल. मग गाडी कोण चालवणार ते बघा. पहाटे उठून दिवसभर उतरलेल्या माणसाने रात्री घाटात गाडी चालवू नये. पायथ्याशी एक रात्र राहायचं, हे खर्चाच्या अंदाजात सुरुवातीलाच धरा. घरी पोहोचलात की तंबू आणि स्लीपिंग बॅग दोन दिवस पसरून वाळवा, गुंडाळून ठेवलेल्या ओल्या तंबूला बुरशी धरते आणि शिवणींवरची पाणी अडवणारी पट्टी सुटते.